पालथा ठेवलेला कागद

रजेच्या अर्जाची प्रिंट घ्यायला ती उठली. प्रिंटरच्या ट्रेमधून तिने आपलं कोमट पान उचललं, तर त्याखाली आधीचं कुणाचं तरी गार पडलेलं पान होतं. पगारवाढीचं पत्र. त्यावर नाव होतं शेजारच्या टेबलावरच्या मुलाचं. कोणती फाइल कुठे जाते, कोणत्या क्लायंटला सकाळी अकराच्या आधी फोन करायचा नाही, महिनाअखेरीचा ताळा कसा लावायचा, हे सगळं त्याला दीड वर्षापूर्वी तिनेच शिकवलं होतं. पत्रातला आकडा तिच्या पगाराहून महिन्याला नऊ हजारांनी जास्त होता. तिने तो कागद पालथा घातला, ट्रेमध्ये होता तिथेच ठेवला आणि पाण्याची बाटली भरायला निघून गेली. बाटली भरून वाहायला लागली तेव्हा तिला भान आलं. पुढे कित्येक दिवस तिला नऊ हजारांपेक्षा आपल्या हाताचंच कोडं पडलं होतं. चूक दुसऱ्या कुणाची तरी होती, मग लपवायला आपला हात का धावला?

तिचा हा प्रश्न ऐकला तेव्हापासून तो डोक्यातून गेलेला नाही. कामाच्या जागी बाईवर अन्याय झाला की भोवतालची माणसं एकच विचारतात, आता लढणार की गप्प बसणार? जणू एका संध्याकाळी बसून घ्यायचा तो एकच मोठा निर्णय आहे. खरं तर तो तसा येतच नाही. किरकोळ वाटणाऱ्या दहा-पंधरा निर्णयांतून तो येतो. आकडा लिहून ठेवायचा की नाही, कुणाला सांगायचं, मेल पाठवायची की तोंडी विचारायचं, दिवाळीचा बोनस हातात पडेपर्यंत थांबायचं का, धाकट्याची दहावी आटोपू द्यायची का. यातला प्रत्येक निर्णय एकटा पाहिला तर शहाणपणाचाच असतो. पण त्यांची बेरीज होता होता वर्ष सरतं, आणि कायद्याच्या मुदती त्या वर्षभर आपल्यासाठी थांबलेल्या नसतात.

पगाराचंच बोलायचं तर मुंबईतली एक जुनी गोष्ट आठवते. मॅकिनन मॅकेंझी या कंपनीत ऑड्री डिकॉस्टा या स्टेनोग्राफर होत्या. पदाचं पूर्ण नाव ‘कॉन्फिडेन्शियल लेडी स्टेनोग्राफर’. शॉर्टहँड तेच, टंकलेखन तेच, पण पुरुष स्टेनोग्राफरचा पगार जास्त. जून १९७७ मध्ये त्यांची नोकरी गेली आणि त्यांनी १९७६ च्या समान वेतन कायद्याखाली फरकाची मागणी केली. फरक होता ७,१९६ रुपये ६७ पैसे. कंपनीचं म्हणणं होतं की या बायका वरिष्ठ अधिकाऱ्यांना जोडून दिलेल्या आहेत, म्हणजे त्यांचा वर्गच वेगळा. शिवाय युनियनशी करार झालेला आहे, आणि वाढीव पगार द्यायची कंपनीची ऐपत नाही. या कायद्याखाली नेमलेल्या पहिल्या सरकारी अधिकाऱ्याने काम सारखंच असल्याचं मान्य केलं आणि करार दाखवून अर्ज फेटाळला. अपिलात निकाल फिरला. कंपनी मुंबई उच्च न्यायालयात दोनदा हरली आणि सर्वोच्च न्यायालयात गेली. तिथला निकाल लागला २६ मार्च १९८७ ला. काम सारखं आहे का हे ढोबळ नजरेने पाहावं, बारीकसारीक फरकांवर अडून बसू नये, करार झाला म्हणून कायदा टळत नाही आणि ऐपत नाही ही सबब चालत नाही, असं न्यायालयाने सांगितलं.

सात हजार रुपयांसाठी दहा वर्षं.

या दहा वर्षांकडे बघून कुणी म्हणेल, पाहा, लागायचं नाही या फंदात. कुणी म्हणेल, पाहा, ती बाई जिंकली. मला मात्र सगळ्यात जास्त त्या ‘लेडी’ या एका शब्दाबद्दल वाटतं. सारी लढाई त्या शब्दाच्या आडून लढली गेली. आधी पदाचं नाव वेगळं करायचं, त्या पदावर फक्त बायका नेमायच्या, आणि मग म्हणायचं की तुलना करायला इथे पुरुषच नाही. ही रीत किती घट्ट रुजली होती ते १९८१ च्या एअर इंडियाच्या खटल्यात दिसतं. हवाई सुंदरींना ३५ व्या वर्षी निवृत्त करायचं, पहिल्या गरोदरपणात काढून टाकायचं, नोकरीला चार वर्षं व्हायच्या आत लग्न केलं तरी काढायचं, असा नियम होता. त्याच विमानात काम करणारा पुरुष फ्लाइट पर्सर ५८ पर्यंत राहायचा. न्यायालयाने गरोदरपणाची अट रद्द केली, ३५ नंतर मुदतवाढ द्यायचा साहेबाचा मनमानी अधिकारही काढून घेतला. पण चार वर्षांची लग्नबंदी कायम ठेवली आणि हे दोन वर्ग वेगवेगळे आहेत हेही मान्य केलं. पदाचं नाव बदललं की अन्याय ओळखू येईनासा होतो. आज ‘लेडी’ कुणी लिहीत नाही. आज त्याचा ‘एक्झिक्युटिव्ह’ आणि तिची ‘असोसिएट’ असते, त्याचा ग्रेड पाच, तिचा चार-ब.

म्हणून तुलना करायची तर पदनाम बाजूला ठेवून दिवसाचं काम मांडावं लागतं. एका कागदावर आपण आठवडाभर काय करतो ते लिहायचं. कोणाला उत्तर देतो, किती रकमेपर्यंत सही करतो, आपण सुट्टीवर असलो की काम कोण बघतं आणि तो सुट्टीवर असला की कोण. हा शेवटचा मुद्दा मोलाचा आहे. दोघं एकमेकांची कामं विनातक्रार सांभाळत असतील तर कामाचं सारखेपण यापेक्षा सरळ दाखवता येत नाही. मग पगार. सीटीसीचा, म्हणजे कंपनीला आपल्यापायी येणाऱ्या एकूण खर्चाचा, मोठा आकडा तुलनेला निरुपयोगी असतो, कारण त्यात ग्रॅच्युइटी, विमा, कधी हाती येईल की नाही असा बोनस, सगळं कोंबलेलं असतं. मूळ वेतन आणि दरमहा ठरलेले भत्ते एवढेच धरायचे. त्याचा अनुभव जास्त आहे का, शिक्षण वेगळं आहे का, तो रात्रपाळी करतो का, हेही प्रामाणिकपणे लिहायचं, कारण समोरून पहिली उत्तरं हीच येणार. त्यांची उत्तरं आपल्याजवळ नसतील तर थोडं थांबलेलं बरं. या सगळ्यानंतरही फरकाला कारण सापडत नसेल, तर ते कारण काय असावं हे आपण सगळ्याच जाणतो.

आता त्या प्रिंटरपाशी तिने काय करायला हवं होतं? फोटो काढायला नको होता. हे ऐकून पुष्कळजणींना राग येतो आणि तो राग रास्त आहे. पण दुसऱ्याच्या पगाराचं पत्र फोनमध्ये सापडलं, किंवा ऑफिसच्या मेल आपल्या घरच्या पत्त्यावर पाठवलेल्या सापडल्या, की अन्यायाची चर्चा तिथेच संपते आणि ‘गोपनीय माहिती बाहेर नेली’ ही चर्चा सुरू होते. चांगल्या चांगल्या तक्रारी या एका चुकीपायी उलटल्या आहेत. त्यापेक्षा साधी वही घ्यावी, पानांवर क्रमांक असलेली. तारीख, वेळ, जागा, काय पाहिलं, कोण हजर होतं. मेल असेल तर पाठवणाऱ्याचं नाव, विषय आणि तारीख टिपून ठेवावी. पुढे चौकशी झालीच तर ती मेल हजर करा असं मागता येतं, आणि नेमकी मागितलेली गोष्ट नाही म्हणणं अवघड जातं. स्वतःचे कागद मात्र हक्काने घरी असावेत. नेमणुकीचं पत्र, प्रत्येक पगारवाढीचं पत्र, तीन वर्षांच्या स्लिपा, फॉर्म सोळा, अप्रेझलचे शेरे. ऑफिसच्या पोर्टलवर आहेत म्हणून निर्धास्त राहू नये. नोकरी सुटते त्या दिवशी दुपारीच लॉगिन बंद होतं.

मग विचारायचं कसं? भांडणाच्या सुरात नको. दोन ओळींची मेल पुरते: ‘माझा ग्रेड व पगार कोणत्या निकषांवर ठरवला आहे ते कृपया लेखी कळवावं.’ यात आरोप नाही, तुलना नाही, कुणाचं नावही नाही. तरी या दोन ओळी भारी आहेत, कारण उत्तर लिहावं लागतं. कारण एकदा लिहिलं की माणूस त्याला बांधला जातो. आज ‘अनुभव’ लिहिलं आणि उद्या ‘कामगिरी’ म्हटलं तर तो बदलच बोलका ठरतो. उत्तर आलं नाही तर पंधरा दिवसांनी त्याच मेलखाली आठवण करायची. बहुधा उत्तराऐवजी बोलावणं येतं. केबिनमध्ये चहा येतो, ‘तू आमच्या घरचीच आहेस’ असं म्हटलं जातं, पुढच्या वेळी बघू असं आश्वासन मिळतं. बाहेर येऊन त्याच दिवशी लिहायचं: ‘आज आपण बोललो त्याप्रमाणे एप्रिलच्या वाढीत फरकाचा विचार होईल असं आपण सांगितलंत.’ चहाचा कप धुतला जातो, मेल राहते.

बाळंतपणाच्या रजेचं दुखणं याहून आतलं. २०१७ पासून पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे रजा मिळते, आधी ती १२ आठवडे होती. प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम केलेलं असलं की हक्क लागू होतो. रजा मिळते, पगार मिळतो, पेढेही वाटले जातात. आणि मार्चमध्ये शेरा येतो, ‘साधारण’. वर्षातलं अर्धं काम दिसतच नाही म्हणे. ती परतते तेव्हा तिचे क्लायंट दुसऱ्याला दिलेले असतात, खुर्ची खिडकीपासून आत सरकलेली असते. दूध भरून आल्याने ठणकणारी छाती सावरत ती मीटिंगमध्ये बसते आणि तिला विचारलं जातं, झेपेल ना? रजेवर असताना बाईच्या नोकरीच्या अटी तिच्या तोट्याच्या होतील अशा बदलता येत नाहीत आणि गरोदरपणातल्या गैरहजेरीत तिला काढताही येत नाही, हे कायद्यात १९६१ पासून लिहिलेलं आहे. काढलंच तर दाद मागायला ६० दिवस असतात. साठ दिवस! त्यातले चाळीस टाके भरण्यात, बाळाच्या रात्री सांभाळण्यात आणि ‘आत्ता नको, दूध आटेल’ असं ऐकण्यात जातात. ज्या काळात बाईला सर्वांत कमी झोप मिळते त्याच काळात तिने अपील लिहायचं असतं. हे मला फार निर्दय वाटतं. म्हणून रजेवर जाण्याआधीच एक मेल करून ठेवावी: हातातली कामं, क्लायंटची यादी, परतायची तारीख, आणि परतल्यावर हीच जबाबदारी राहील असं गृहीत धरत असल्याचं एक वाक्य.

लैंगिक छळाची वाट वेगळी आहे. हे मुद्दाम सांगायला हवं, कारण पुष्कळजणी पगाराची किंवा बढतीची तक्रार छळाच्या तक्रारींसाठी ऑफिसात नेमलेल्या अंतर्गत समितीकडे नेतात, ती ‘आमच्या कक्षेत नाही’ म्हणून परत येते आणि दार बंद झाल्यासारखं वाटतं. दार बंद झालेलं नसतं, ते दुसरं असतं. पगाराची दाद कामगार खात्याकडे, छळाची समितीकडे. दहा किंवा अधिक माणसं असतील तिथे ही समिती असलीच पाहिजे. अध्यक्ष वरिष्ठ पदावरची बाई, निम्म्याहून कमी बायका चालत नाहीत आणि एक सदस्य बाहेरचा. दहापेक्षा कमी माणसं असतील किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्धच असेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. घरकाम करणाऱ्या बाईलाही ती खुली आहे, आणि हे तिला सांगणारं माणूस क्वचितच तिच्या वाटेला येतं. ऑफिसच्या भिंतीवरचा समितीचा फलक एकदा निवांतपणी वाचून ठेवावा. त्यातल्या दोघी नोकरी सोडून गेलेल्या असतात, बाहेरच्या सदस्याचा पत्ता नसतो. समिती नीट नेमलेली नसेल तर तिचा निकाल पुढे टिकत नाही, आणि सगळ्या मनस्तापातून बाई पुन्हा पहिल्यापासून जाते.

तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत लेखी द्यावी लागते. प्रकार पुन्हा पुन्हा झाला असेल तर शेवटच्या घटनेपासून. समितीला कारण पटलं तर आणखी तीन महिने मिळू शकतात. सहा प्रती, सोबत पुरावे आणि साक्षीदारांची नावं. सात दिवसांत, सुट्ट्या वगळून, प्रत समोरच्याकडे जाते, त्याने दहा दिवसांत, सुट्ट्या वगळूनच, उत्तर द्यायचं आणि चौकशी नव्वद दिवसांत संपवायची. दरम्यान बदली किंवा तीन महिन्यांपर्यंत जादा रजा मागता येते. बदली मागताना ‘समोरच्याची’ असं स्पष्ट लिहावं, नाहीतर तिलाच उचलून दुसऱ्या शाखेत टाकलं जातं. समितीपुढे दोन्हीकडून वकील आणता येत नाही. तक्रार सिद्ध झाली नाही एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही आणि तेवढ्यासाठी बाईवर कारवाई करता येत नाही. ही भीती दाखवून किती तक्रारी दाराशीच मागे फिरवल्या जातात!

पण खरी अडचण मुदतीच्याही अलीकडे, पेन हातात घेतल्यावर सुरू होते. बाई लिहिते, ‘त्यांनी अश्लील वर्तन केले.’ पुढे लिहववत नाही. नेमके शब्द कागदावर आले की ते आपल्याच हातचे होतात असं वाटतं. आईने, शाळेने, सगळ्यांनी जन्मभर शिकवलेलं असतं की असलं तोंडाने उच्चारायचं नाही. आणि समितीला लागतात तेच शब्द, ज्या भाषेत बोलले गेले त्या भाषेत, शिवीसकट. कुठे उभे होते, हात कुठे ठेवला, किती वेळ, आपण काय केलं, नंतर पहिल्यांदा कुणाला सांगितलं. ‘घाणेरडं वागले’ या वाक्यावर समिती काहीच करू शकत नाही. लिहिणं जमत नसेल तर समितीच्या सदस्याने मदत करायची, असं कायदाच सांगतो. तरी आधी विश्वासाच्या मैत्रिणीपाशी एकदा मोठ्याने बोलून घ्यावं आणि तिने ते उतरवून घ्यावं. उच्चारताना आवाज कापतो, दुसऱ्यांदा कमी कापतो.

आणि मैत्रिणी? कॅन्टीनमध्ये सगळ्याजणी म्हणतात, आम्ही तुझ्या बाजूने. त्या खोटं बोलत नसतात. पण साक्षीला बोलावणं येतं तेव्हा एकीचं प्रमोशन तोंडावर असतं, एकीचा नवरा त्याच कंपनीत असतो. त्यांच्यावर रागावता येत नाही. घटना ताजी असताना ‘आज मीटिंगमध्ये ते जे बोलले ते ऐकलंस ना?’ असा निरोप जावा आणि तिकडून ‘हो गं, मलाही कसंसंच झालं’ असं उत्तर यावं, एवढ्याने पुष्कळ होतं. तो फोन मग विकू नये, आणि निरोप आपोआप पुसले जाण्याची सोय बंद करावी.

हे सगळं लिहिताना एक गोष्ट टोचत राहते. वही, मेल, स्लिप हे जिच्याकडे आहे तिचंच हे शहाणपण. ऊसतोडीला जाणारं जोडपं मिळून एक ‘कोयता’ धरतात. उचल, म्हणजे आगाऊ पैसे, त्या कोयत्यावर मिळते, सहसा नवऱ्याच्या हातात. ती पहाटे तीनला उठून भाकरी थापते, फडात मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीत टाकते, आणि तिचा पगार किती या प्रश्नाला उत्तरच नाही, कारण तो वेगळा असा कुठे लिहिलेलाच नाही. पाळीच्या दुखण्याने एक दिवस बसली तर मात्र खाडा पडतो आणि दंड कापला जातो. मजुरीत बाई दिसत नाही, दंडात दिसते. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चर्चा राज्यभर झाली, तेव्हा त्या खाड्याचा हिशेब कुठवर जातो ते सर्वांनी पाहिलं.

ऑफिसातल्या बाईला नोकरी सोडावी लागली तर तिचं काय काय जातं तेही मांडायला हवं. पगार जातोच. सासू-सासऱ्यांसकट सगळ्यांचा सामूहिक आरोग्यविमा त्याच दिवशी संपतो आणि सासऱ्यांचं डायलिसिस चालू असतं. घराचा हप्ता असतो. पुढची कंपनी आधीच्या साहेबाला फोन करून विचारते. म्हणून एखादी सगळं समजून उमजून गप्प राहिली तर तिला भित्री म्हणायचा अधिकार कुणालाच नाही, मला तर नाहीच. फक्त रागाच्या भरात राजीनामा देऊ नये. तो ‘स्वेच्छेने’ दिलेला ठरतो आणि मग बाकी सगळं सिद्ध करणं आपल्या अंगावर येतं. जायचंच असेल तर शेवटच्या हिशेबाच्या कागदावर ‘माझा कोणताही दावा उरलेला नाही’ ही ओळ शोधावी. ती बारीक अक्षरात, सहीच्या बरोबर वर असते. सही करण्याआधी त्याखाली हाताने लिहावं: हक्क राखून.

नऊ हजारांच्या त्या गोष्टीला आता चार महिने झाले. तिने अजून काही ठरवलेलं नाही. सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ऑफिसच्या विम्यातून व्हायचंय, मार्चचं अप्रेझल तोंडावर आहे. त्या मुलाशी ती पूर्वीसारखीच बोलते. त्याचा यात काय दोष? निकष विचारणारी दोन ओळींची मेल तिने लिहून ड्राफ्टमध्ये ठेवली आहे. दर सोमवारी ती उघडते, एखादा शब्द बदलते, बंद करते. पण ते पत्र पाहिलं त्याच दिवशी संध्याकाळी, लोकलमध्ये चौथ्या सीटवर अर्धवट टेकून, पर्समधल्या छोट्या वहीत तिने तारीख घातली होती. खाली दोन आकडे, त्याचा आणि आपला, एकाखाली एक, शाळेत वजाबाकी मांडतात तसे. वही घरी कपाटात आहे, उलगडून ठेवलेल्या पानावर दागिन्यांची रिकामी डबी आडवी टाकलेली. अक्षरं वरच्या बाजूला.